पद्मिनीच्या गिअरबॉक्समधून तेल गळतंय, घरी दुरुस्त होईल का?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: वडिलांची ऐंशीच्या दशकातली प्रीमियर पद्मिनी आहे, गेले काही महिने ती फारशी चाललेली नाही, पार्किंगच्या फरशीवर गिअरबॉक्सच्या खाली तेलाचा डाग पडतो, आणि मेकॅनिकने खाली वाकून बघून सांगितलंय की गिअरबॉक्स उतरवावा लागेल. हे घरी करता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

बऱ्याचदा येतं. पण आधी गळती नक्की कुठून आहे ते शोधा, मगच पाना हातात घ्या. गिअरबॉक्स उतरवावा लागतो तो फक्त पुढचं सील (फिरत्या शाफ्टभोवती बसून तेल अडवणारी रबरी रिंग) गेलं असेल तर. बाकीच्या जागा गिअरबॉक्स गाडीवर असतानाच हाताशी येतात. नुसता फरशीवरचा डाग बघून यातलं काहीच ठरवता येत नाही. गाडी चालताना वाऱ्याने तेल मागे सरकतं, मग पत्र्याच्या कडेकडेने ओघळत सगळ्यात खालच्या टोकाला येऊन टपकतं. डाग जिथे पडतो त्याच्या वीतभर पुढे किंवा वर गळतीचं मूळ असू शकतं.

गाडीखाली जायच्या आधी सुरक्षिततेचं बघा. ही आठ-नऊशे किलोची गाडी आहे. नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखाली कधीही झोपू नका. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक रचूनही नाही, कारण ब्लॉक तडकतो तेव्हा आधी आवाज करून सांगत नाही. चांगल्या क्षमतेचे जॅक स्टँड घ्या, जमीन सपाट आणि टणक असू द्या, चाकांना उटी लावा. सोसायटीच्या पार्किंगला उतार असेल तर तिथे हे काम करूच नका.

आता शोध. गिअरबॉक्स, बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं, क्लच झाकणारं घंटेच्या आकाराचं आवरण) आणि इंजिनाचा मागचा भाग डिझेल आणि ब्रशने घासून स्वच्छ करा. वर्षानुवर्षांची तेल-मातीची खपली निघायला वेळ लागतो, पण निम्मं काम तिथेच होतं. चिंध्यांनी कोरडं पुसा, रात्रभर सुकू द्या. सकाळी त्या सगळ्या भागावर साधी टाल्कम पावडर हलकीशी मारा आणि गाडी पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा. परत आल्यावर खाली पुठ्ठा अंथरा आणि टॉर्च घेऊन बघा. पावडरीवर ओल कुठून सुरू झालीय ते स्पष्ट दिसतं. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा तीच खरी, बाकीचा नुसता ओघळ.

तेल कुठलं आहे तेही बघून घ्या. गिअर ऑइल घट्ट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. एकदा हुंगलात की विसरणार नाही. इंजिन ऑइल त्यापेक्षा पातळ आणि वापरलेलं असेल तर काळं. बेल हाउसिंगच्या खालून थेंब पडत असेल तर ही ओळख फारच महत्त्वाची, कारण तिथे इंजिनाचं मागचं सील आणि गिअरबॉक्सचं पुढचं सील या दोघांचंही तेल एकाच जागी येतं. वास न घेता गिअरबॉक्स उतरवायचा आणि मग कळायचं की तेल इंजिनाचं होतं, असं मी होताना पाहिलंय, आणि तो खर्च त्या गाडीच्या मालकाने भरला.

कुठलंही सील मागवण्याआधी दोन गोष्टी तपासा. दोन्हींना पैसे लागत नाहीत.

पहिली, तेलाची पातळी. गाडी अगदी सपाट उभी असताना बाजूचा भरायचा नट काढला की तेल त्या भोकाच्या खालच्या कडेला टेकलेलं असायला हवं. गाडी फक्त पुढून उचललेली असताना हे बघितलं तर अंदाज चुकतो. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ म्हणून कोणी भोकाच्या वरपर्यंत तेल दाबून भरलं असेल तर ते कुठून ना कुठून बाहेर येणारच.

दुसरी गोष्ट ब्रीदर, म्हणजे गिअरबॉक्समधल्या हवेला ये-जा करायला ठेवलेलं बारीक तोंड. ते चिखलाने बुजतं, आणि कोणी बघत नाही. गिअरबॉक्स 30 अंशांवरून 90 अंशांपर्यंत तापला आणि हवेला बाहेर पडायला वाट नसली, तर आतला दाब साधारण 20 टक्क्यांनी वाढतो. हा दाब सीलच्या ओठांतून, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या रबरी कडेखालून, तेल बाहेर ढकलतो. अशा वेळी नवं सील टाकलं तरी गळती परत येते आणि आपण सीलला दोष देतो. माझ्या स्वतःच्या पद्मिनीचा मागचा भाग सतत ओला असायचा. ब्रीदर बारीक तारेने साफ केला, डिझेलने धुतला, आणि गळती थांबली. सीलला हातही लावावा लागला नाही. म्हणून सुरुवात इथून करा.

आता एकेक जागा. ड्रेन नटापाशी ओल असेल तर वायसर बदला. तांब्याचा असेल तर जुनाही चालतो: चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका. तांबं मऊ होतं आणि पुन्हा नीट बसतं. अॅल्युमिनियमचा असेल तर मात्र नवाच घ्या. तेल काढायच्या आधी भरायचा नट सुटतो की नाही ते नक्की बघा. आधी ड्रेन उघडलात, तेल सगळं खाली आलं आणि वरचा नट गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागेवरच अडकते. काढलेलं तेल स्वच्छ भांड्यात घ्या आणि तळाशी बोट फिरवा. राखाडी मऊ लेप असणं साहजिक आहे. पितळेची चमकी दिसली तर आतल्या बुशा किंवा सिंक्रो रिंगा (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या पितळी रिंगा) झिजतायत. लोखंडाचे तुकडे हाताला लागले तर गळतीचा विचार बाजूला ठेवा, तो गिअरबॉक्स उघडायलाच हवा.

झाकणाच्या पॅकिंगमधून तेल येत असेल तर बहुतेक लोक बोल्ट अजून आवळतात. त्याने पत्र्याचं झाकण बोल्टच्या भोकांभोवती फुगतं आणि दोन बोल्टच्या मधली गळती वाढते. झाकण काढा, सपाट लाकडावर ठेवून हातोडीने हलके ठोके देत भोकांच्या कडा सरळ करा. जुनं पॅकिंग खरवडताना लोखंडी पटाशी वापरू नका, अॅल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथून कायमचं तेल झिरपतं. नवं पॅकिंग जुन्याइतक्याच जाडीचं घ्या. पुढच्या बेअरिंगच्या झाकणाखाली तर जाडीत अजिबात फरक नको, कारण बऱ्याच गिअरबॉक्सांत त्या कागदाच्या जाडीवरच बेअरिंगचा हिशोब असतो. सिलिकॉन लावायचंच असेल तर अगदी पातळ थर. जास्तीचं आतल्या बाजूला गोळे होऊन पडतं आणि तेलात फिरत राहतं. जे बोल्ट आरपार आत उघडतात त्यांच्या आट्यांना मात्र थोडं सीलंट हवंच, आट्यांवरून तेल चढून येतं.

स्पीडोमीटरच्या केबलची जागा अनेकदा निसटते. केबल जिथे गिअरबॉक्सला जोडलेली असते तिथलं छोटं सील किंवा ओ-रिंग कडक होते. तेल खाली तर गळतंच, शिवाय केबलच्या आतून वर चढतं. मीटरच्या काचेआड तेलाचा ओघळ दिसला तर दुसरीकडे शोधू नका. काम अर्ध्या तासाचं आहे. गिअरच्या दांड्या जिथे गिअरबॉक्समध्ये शिरतात तिथेही असंच. कॉलम शिफ्टच्या, म्हणजे गिअरची दांडी स्टीअरिंगपाशी असलेल्या गाडीत तो भाग चिखलाने भरलेला असतो, म्हणून मघाशी धुवायला सांगितलं.

मागचं सील, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब दांड्याच्या) बाजूचं, हे खरं घरी करण्यासारखं काम. शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही फ्लँजवर, म्हणजे एकमेकांना बोल्टने जोडलेल्या चकत्यांवर, पांढऱ्या रंगाने एक आडवी रेघ मारा. जोडताना रेघेला रेघ जुळली नाही तर गाडीला थरथर येते. शाफ्ट सुटला की फ्लँज हाताने वर-खाली हलवून बघा. जाणवण्याइतका खेळ असेल तर बेअरिंग गेलंय, आणि नवं सील त्या हलत्या शाफ्टवर टिकणार नाही.

खेळ नसेल तर जुनं सील काढा आणि त्याच्या तोंडावर छापलेले तीन आकडे वाचा: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, मिलिमीटरमध्ये. फियाटच्या घराण्यातल्या गाडीचा हा मोठा फायदा. सगळं मेट्रिक असल्यामुळे ‘पद्मिनीचं सील’ मिळालं नाही तरी बेअरिंगच्या दुकानात मापावरून मिळतं. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउस, जुनं सील कागदात गुंडाळून घेऊन जा. जुन्या अँबॅसेडरवाल्यांना इंचांमुळे जास्त फिरावं लागतं. साधं नायट्राइल रबर या कामाला पुरतं.

बसवण्याआधी सील ज्यावर घासतं तो गुळगुळीत भाग चिंधीने पुसा आणि नखाने आडवा चाचपा. नख अडकेल अशी खाच असेल तर नवं सीलही तिथेच गळेल. यावर दोन उपाय. जागा असेल तर सील एक-दोन मिलिमीटर कमी खोल बसवा, म्हणजे ओठ न झिजलेल्या भागावर येतो. नाहीतर पाव मिलिमीटर जाडीची स्टीलची स्लीव्ह त्यावर चढवा. सीलच्या ज्या बाजूला बारीक गोल स्प्रिंग दिसते ती तेलाकडे, म्हणजे आत. ओठाला तेल लावा, शाफ्टच्या दात्यांवर पातळ टेप गुंडाळा म्हणजे ओठ कापणार नाही, आणि सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढा सॉकेट किंवा पाइपचा तुकडा ठेवून चारही बाजूंनी सारखं ठोका. तिरकं बसलेलं सील पहिल्याच दिवशी गळतं.

आणि पुढचं सील? बेल हाउसिंगमधून गिअर ऑइलच येतंय याची खात्री झाली, क्लच घसरायला लागला, तर गिअरबॉक्स उतरवणं आलंच. माझं मत स्पष्ट आहे: हे घरी स्टँडवर करू नका, खड्डा किंवा लिफ्ट असलेल्या गॅरेजमध्ये द्या. छातीवर एवढं वजन घेऊन ते सरळ रेषेत सरकवायचं असतं. वजन क्लच प्लेटवर लटकलं तर प्लेट वाकते. मात्र उघडलंच आहे तर पुढचं सील, क्लचचं रिलीज बेअरिंग आणि इंजिनाचं मागचं सील तिन्ही एकदमच बदलून घ्या. आणि मेकॅनिक पद्मिनीवर हात बसलेला शोधा. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. ज्यांनी या टॅक्सींवर आयुष्य काढलं ते मिस्त्री अजून आहेत, पण त्यांचं रोजचं काम आता दुसऱ्या गाड्यांचं झालंय. विचारत गेलात तर भेटतील, आणि त्यांच्यापाशी बसून शिकण्यासारखं खूप आहे.

तेलाबद्दल. गळती कमी करायला 140 नंबरचं जास्त घट्ट तेल घाला, असं कोणीतरी सांगेलच. थेंब थोडे कमी होतात, पण थंडीत सकाळी गिअर पडायला जड जातात आणि बारीक जागी तेल उशिरा पोचतं. मॅन्युअलमधल्या ग्रेडलाच धरून राहा. गॅरेजमध्ये ज्याला सरसकट ‘नाइन्टी नंबर’ म्हणतात त्यातही डब्यावर जीएल-4 आहे की जीएल-5 (गिअर ऑइलचे दर्जे) ते वाचा. जीएल-5 मधली रसायनं जास्त तीव्र असतात आणि काही तेलांत ती पितळ-ब्राँझच्या भागांना खातात, म्हणून जुन्या गिअरबॉक्सला मी जीएल-4 च घालतो. बाहेरून एम-सील थापणं तर पूर्णपणे टाळा. तेलकट धातूवर ते धरत नाही आणि पुढच्या माणसाला खरवडत बसावं लागतं. काढलेलं तेल गटारात ओतू नका, कॅनमध्ये भरून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

गाडी बरेच महिने उभी होती म्हणालात, तर सीलचे ओठ कोरडे पडले असण्याची शक्यता आहे. ब्रीदर आणि पातळी ठीक करून काही आठवडे गाडी नियमित चालवा, कधी कधी तेवढ्यानेच फरक पडतो. नुसता घाम आल्यासारखी ओल राहिली तर काही करू नका, दर महिन्याला पातळी बघत जा. रोज पुठ्ठ्यावर थेंब दिसत असतील तर मात्र थांबू नका, कमी तेलावर आतली बेअरिंगं फार दिवस काढत नाहीत.

पावडर मारून फेरी झाली की खालून काढलेला फोटो टाका. बेल हाउसिंगचा खालचा भाग आणि शाफ्टची मागची फ्लँज दोन्ही त्यात दिसू द्या, आणि तेलाचा वास कसा येतोय तेही लिहा. मग कुठलं सील आणायचं ते बघू.