डब्ल्यूएक्सविजेट्स बांधताना आधी हे बघ

अरे, डब्ल्यूएक्सविजेट्स (खिडक्या-बटणांचे प्रोग्रॅम लिहायची सी++ लायब्ररी) बांधायची, म्हणजे कंपाइल करायची, तर आधी तिचं सोर्स कोडचं फोल्डर डेस्कटॉपवरून हलव आणि सरळ सी ड्राइव्हवर ठेव. पाथमध्ये स्पेस आली की मेकफाइल (बांधणीच्या सूचनांची फाइल) कुठे अडखळेल सांगता येत नाही. गिटवरून घेतलं असशील तर सबमॉड्यूल्सही (सोबत लागणारे इतर प्रकल्पांचे कोड) आलेत ना ते बघ.

मग व्हिज्युअल स्टुडिओचा ‘एक्स६४ नेटिव्ह टूल्स’वाला प्रॉम्प्ट उघड. साधा प्रॉम्प्ट नको, त्याला एनमेक (मेकफाइल चालवणारं टूल) ओळखताच येत नाही. बिल्ड फोल्डरातल्या एमएसडब्ल्यूमध्ये जाऊन एनमेक चालव, टार्गेट सीपीयू एक्स६४ सांगायला विसरू नकोस. डिबग (चुका शोधायला) आणि रिलीज (वापरायला द्यायला) दोन्ही बांधून ठेव. तोवर चहा होईल.

खरी मेख पुढे आहे. तुझा प्रोग्रॅम कंपाइल करताना ‘सेटअप.एच सापडत नाही’ ही एरर तुलाही येणारच. मी तर त्यापायी अख्खी लायब्ररी दोनदा पुन्हा बांधली होती, उगाच! दोष बिल्डमध्ये नसतो. ती फाइल बिल्ड होताना लिब फोल्डरच्या पोटात तयार होते: रिलीजची एमएसडब्ल्यूयूमध्ये, डिबगची एमएसडब्ल्यूयूडीमध्ये. म्हणून इन्क्लुड पाथ (कंपायलर हेडर फाइली शोधतो ती ठिकाणं) दोन द्यायचे, लिबमधलं हे फोल्डर एक आणि नेहमीचा इन्क्लुड फोल्डर. विंडोजवर ‘इन्स्टॉल’ म्हणजे जवळजवळ एवढंच. शेअर्ड बिल्ड (लायब्ररी वेगळ्या डीएलएल फाइलींत) केला असशील तर त्या डीएलएल फाइली तुझ्या प्रोग्रॅमच्या एक्झेच्या शेजारी ठेव.