नोकरी सोडून पूर्णवेळ चित्रकार व्हावं का? चित्रकारांचं घर नेमकं कशावर चालतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 27, पुण्यात आयटीत नोकरी, शाळेत असताना चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड, कला महाविद्यालयाचं तोंड पाहिलेलं नाही, पण गेली काही वर्षं शनिवार-रविवार जलरंग आणि अ‍ॅक्रिलिकमध्ये जातात. आता राजीनामा द्यावासा वाटतोय. आणि चित्रकारांचं पोट कशावर भरतं हे कुणी स्पष्ट सांगत नाही.

दुसऱ्या भागापासून सुरुवात करते, पहिल्याचं उत्तर त्यातच येईल.

मी ठाण्यात राहते, उपयोजित कला शिकले आणि शिक्षण संपल्यापासून याच कामावर जगते. माझ्या घरात पैसा चार वाटांनी येतो. सगळ्यात मोठी वाट पुस्तकांची: मुलांच्या पुस्तकांतली चित्रं, मुखपृष्ठं, अधूनमधून पाठ्यपुस्तकं. दुसरी क्लासची. पावसाळ्यात क्लास भरतो, कारण एलिमेंटरी-इंटरमिजिएट जवळ आलेल्या असतात आणि दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून आईवडील मुलांना हाताला धरून आणून सोडतात. दिवाळीनंतर तीच मुलं गायब होतात. तिसरी वाट मागणीवरून केलेल्या कामांची: कुणाच्या आजोबांचं पोर्ट्रेट, एखाद्या दवाखान्याची भिंत, इंटिरियर डिझायनरने मागितलेला 'सोफ्याला जाईल असा' सहा फुटी कॅनव्हास. चौथी वाट माझ्या मनाच्या चित्रांच्या विक्रीची, आणि ती सगळ्यांत बारीक आहे. काही वर्षं ती कोरडीच जाते.

माझ्या ओळखीतल्या बहुतेक चित्रकारांचं गणित थोड्याफार फरकाने असंच आहे. कुणी कला महाविद्यालयात शिकवतं, कुणी मालिकांच्या सेटवर कलादिग्दर्शकाच्या हाताखाली असतं, कुणी गणपतीच्या हंगामात वर्षाची बेगमी करून ठेवतं. निव्वळ स्वतःच्या चित्रांवर घर चालवणारे आहेत, पण त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरात दुसरा ठरलेला पगार येतो. ही गोष्ट मुलाखतींत येत नाही. माझ्याही घरात तसा पगार आहे, तेव्हा माझी उदाहरणं वाचताना तेवढं वजा करून वाचा.

यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही, आणि हे मी समजूत काढायला म्हणत नाही. 1981 मध्ये मुंबईत आणि दिल्लीत 'प्लेस फॉर पीपल' नावाचं प्रदर्शन झालं. भारतीय आधुनिक चित्रकलेचा इतिहास लिहिणारा कुणीही ते टाळू शकत नाही. त्यात सहा चित्रकार होते: भूपेन खक्कर, गीव्ह पटेल, जोगेन चौधरी, नलिनी मालानी, विवान सुंदरम आणि सुधीर पटवर्धन. आता यांच्या नोकऱ्या बघा. खक्कर सनदी लेखापाल, बडोद्यात अर्धवेळ हिशेब लिहायचे. गीव्ह पटेल मुंबईत डॉक्टरकी करत. जोगेन चौधरी तेव्हा राष्ट्रपती भवनातल्या चित्रसंग्रहाचे क्युरेटर होते. आणि पटवर्धन आमच्या ठाण्यातले रेडिऑलॉजिस्ट. सहातले चार जण पगार किंवा प्रॅक्टिस सांभाळून आले होते. त्यांना कुणी हौशी चित्रकार म्हटलेलं मी तरी वाचलेलं नाही.

पटवर्धनांचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं, आणि ते एकाच गावात राहतो म्हणून नव्हे. 1972 साली पुण्याच्या ए.एफ.एम.सी. या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. होऊन ते मुंबईकडे आले, 1975 पासून ठाण्यात रेडिऑलॉजी केली आणि ती थांबवली 2005 साली. म्हणजे तीस वर्षं दिवसा एक्स-रे आणि उरलेल्या वेळात कॅनव्हास. त्यांच्या चित्रांतली माणसं आठवा: लोकलमधली, इराण्याच्या हॉटेलात बसलेली, रेल्वेपुलावरून उतरणारी, थकलेल्या खांद्यांची. रोज शेकडो अंगं जवळून बघणाऱ्या माणसाची ती नजर आहे. दवाखान्यामुळे ती चित्रं तशी झाली असं छातीठोक म्हणणार नाही, पण दवाखान्याने ती अडवली नाहीत एवढं उघड आहे.

प्रभाकर बरवे तसेच. मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयातून 1959 मध्ये बाहेर पडले आणि 1961 पासून विणकर सेवा केंद्रात, आधी बनारस आणि मग मुंबई, वीसेक वर्षं नोकरी केली. हातमागाच्या कापडासाठी नक्षी करायची सरकारी नोकरी! बनारसच्या मुक्कामात तंत्रसाधनेतल्या प्रतिमा त्यांच्या चित्रांत शिरल्या. वसंत सरवटे सिव्हिल इंजिनिअर, ए.सी.सी. या सिमेंट कंपनीत निवृत्तीपर्यंत होते, आणि त्याच काळात मराठी पुस्तकांना आणि दिवाळी अंकांना त्यांनी चेहरा दिला. उलट बाजूला कृष्ण खन्ना: ग्रिंडलेज बँकेतली चांगली नोकरी 1961 मध्ये सोडली. पण तोवर त्यांची चित्रं विकली जात होती, प्रदर्शनं झाली होती. उडी मारण्याआधी पलीकडचा काठ दिसत होता.

म्हणून मी तुम्हाला 'सोडू का' याआधी वेगळं विचारीन: तुमची नोकरी तुमच्यातलं काय खाते? वेळ, डोळे, हात की डोकं? वेळ खाणारी नोकरी एक वेळ परवडते. माझी अडचण नेमकी उलटी आहे. दिवसभर प्रकाशकासाठी हत्ती, ससे आणि गोबऱ्या गालांची मुलं काढल्यावर संध्याकाळी स्वतःच्या कॅनव्हाससमोर उभं राहिलं की हात तीच गोलाई काढतो. पगारी काम आणि मनाचं काम एकाच हाताने केलं की पगारी कामाची सवय मनाच्या कामात उतरते, आणि ती झटकायला महिने लागतात. हिशेब लिहिणाऱ्या खक्करना हा त्रास नसावा. 'मग मी आयटी सोडून निदान ग्राफिक डिझाइनमध्ये जातो, तेवढंच कलेच्या जवळ' असं ज्यांना वाटतं त्यांना मी हेच सांगते. जवळ म्हणजे सोयीचं असेलच असं नाही. तुमचा आयटीतला थकवा रात्रीच्या अमेरिकेच्या कॉल्सचा असेल, तर आधी टीम बदलून सकाळ मोकळी होते का ते बघा. रोजचे सकाळचे दोन तास शनिवार-रविवारच्या आठ तासांपेक्षा जास्त चित्र देतात. रंग वाळला की दुसऱ्या दिवशी लगेच पुढचा थर देता येतो. आठवड्याने परत आलात तर पहिला अर्धा दिवस चित्राशी पुन्हा ओळख करून घेण्यातच जातो.

आता विक्रीचं गणित, कारण बाहेरून ते फार गोड दिसतं. वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र 2015 मध्ये मुंबईतल्या लिलावात 29 कोटींवर गेलं, हे तुम्हीही वाचलं असेल. गायतोंडे 2001 मध्ये वारले होते. दिल्लीत निजामुद्दीनला एका लहानशा बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, ते राहत, मोजकीच चित्रं करत आणि तेवढ्यावर भागवत. लिलावातले पैसे चित्राच्या त्या वेळच्या मालकाला मिळतात, चित्रकाराला नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम 53अ आहे: दहा हजारांवर पुनर्विक्री झाली तर चित्रकाराला किंवा वारसांना दहा टक्क्यांपर्यंत हिस्सा. कागदावर छान आहे. तो हिस्सा हातात पडलेला चित्रकार मला अजून भेटायचाय.

आपल्या पातळीवरचा हिशेब असा. समजा तुमचं चित्र खासगी गॅलरीत 40,000 ला गेलं. गॅलरीचा वाटा तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत असतो, निम्मा धरू. राहिले 20,000. त्यातून कॅनव्हास, रंग, फ्रेम, टेम्पो. आणि भिंतीवर लागलेल्या पंधरा चित्रांपैकी न विकलेल्या बारांच्या फ्रेमाही याच पैशातून. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीची तऱ्हा निराळी. 1952 सालची ती गॅलरी, तिथे भाडं भरून आठवड्यासाठी दालन घ्यायचं. अर्ज करायचा, निवड समिती चित्रं बघते आणि मग तारखेची वाट बघायची, तीही काही वर्षं. तो आठवडा मंगळवार ते सोमवार. भाडं, कार्डं, उद्घाटनाचा चहा, पुण्याहून चित्रं आणणं, मुंबईत राहणं, हे सगळं तुमच्या खिशातून. बघायला माणसं खूप येतात. कला बघायला येतात तशी ऊन टाळायलाही येतात. अभिप्रायाच्या वहीत 'अप्रतिम' भरपूर मिळतात. चित्राखाली 'विकलं गेलं' असं सांगणारा लाल ठिपका लागणं वेगळं. तरी मी म्हणेन, एकदा तरी करावं, कारण आपली चित्रं एका ओळीत लावलेली आठवडाभर बघण्यासारखं दुसरं शिक्षण नाही. कुठलं चित्र शेजारच्यामुळे मरतं, लोक कुठे थबकतात, कुठून सटकतात, सगळं दिसतं. मात्र ते शिक्षणाच्या खात्यावर टाका, कमाईच्या नको. तुमच्यासाठी पहिलं पाऊल म्हणून पुण्यातलं दालन आणि चार-पाच जणांचा ग्रुप शो पुरे.

डिग्रीबद्दल तुम्ही काळजीत दिसताय. शाळेत किंवा महाविद्यालयात शिकवायचं असेल तर कागद लागतो. चित्र विकत घेणारा तो मागत नाही. कॉलेजने जे मिळतं ते म्हणजे सोबत. तुमच्या चित्राला तोंडावर 'हे मेलेलं आहे' म्हणणारे चार जण. ते बाहेरही जमवता येतात: रविवारी सकाळी शनिवारवाड्यापाशी किंवा घाटावर स्केचिंगला बसणारे गट शोधा, मॉडेल बसवून होणारे सेशन शोधा. इन्स्टाग्रामवरच्या लाइक्सने ती जागा भरत नाही, तिथे सगळेच अप्रतिम असतात.

कागदपत्रांवर मात्र थोडं सविस्तर लिहिते, कारण नवीन माणसाला इथेच सगळ्यात जास्त फटका बसतो. तुम्ही आधी केलेलं चित्र कुणी विकत घेतलं तर त्याला कॅनव्हास मिळतो, छापण्याचा हक्क नाही. तो तुमच्याकडेच राहतो. पण कुणी पैसे देऊन त्याच्या सांगण्यावरून चित्र किंवा पोर्ट्रेट करून घेतलं आणि वेगळं काही लिहून ठेवलं नाही, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे पहिला हक्क त्याचा होतो. नोकरीत केलेल्या कामाचा हक्क मालकाचा. म्हणून काम सुरू करण्याआधी दोन ओळींची का होईना ई-मेल करा: चित्र कशासाठी, किती आवृत्त्यांसाठी, मूळ चित्र कुणाकडे. हक्क देताना तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. माझं एका पुस्तकासाठी केलेलं चित्र पुढे वह्यांच्या कव्हरवर आणि टिफिनच्या डब्यावर आलं होतं. असं काही कुणी आपणहून कळवत नाही, पण करारात 'फक्त या पुस्तकापुरतं' हे तीन शब्द होते म्हणून वेगळं बिल लावता आलं. निम्मे पैसे रेखाटन मंजूर झाल्यावर घ्या, आणि किती करेक्शन फुकट ते आधीच ठरवा. दिवाळी अंकांची कामं श्रावणात येतात आणि पैसे बहुधा तुळशीच्या लग्नानंतर. कापलेला टीडीएस परत मिळवायला रिटर्न भरावं लागतं, हे तुम्हाला आयटीवाल्याला सांगायला नको.

जुन्या पिढीत एक माणूस हे सगळं ओळखून होता, दीनानाथ दलाल. मडगावहून मुंबईला आले, जे.जे.त शिकले, इतरांसाठी मुखपृष्ठं केली, आणि 1945 मध्ये 'दीपावली' हा स्वतःचा अंक काढला. चित्रकार स्वतःच मालक झाला की कुठल्या चित्राला रंगीत पान द्यायचं हे तोच ठरवतो. आजच्या काळात याचं रूप म्हणजे स्वतःच्या चित्रांची कॅलेंडरं, प्रिंट, पोस्टकार्डं थेट विकणं. पैसा थोडा, पण घेणाऱ्यांची यादी तुमची स्वतःची तयार होते. ही यादी कुठल्याही गॅलरीच्या ओळखीपेक्षा मोलाची आहे. मुखपृष्ठांचं स्वस्त काम आता मशीनने बनवलेली चित्रं खायला लागली आहेत, तेव्हा इलस्ट्रेशनच्या भरवशावर राजीनामा देण्याचा विचार असेल तर तो आजच्या घडीला मला जरा धोक्याचा वाटतो. कशावर अवलंबून राहायचंच असेल तर क्लास आणि पोर्ट्रेट या दोन गोष्टी अजून टिकून आहेत. आजोबांचं नाक बरोबर आलंय का हे सांगायला घरचे समोर बसतात.

मी तुमच्या जागी असते तर वर्षभर राजीनामा दिला नसता. तेवढ्यात एकाच विषयावर पंधरा-वीस चित्रांची मालिका पूर्ण केली असती: मुळशीचं एक, गणपतीचं एक, मांजराचं एक असं नको. चित्रांतून येणारा प्रत्येक रुपया वेगळ्या खात्यात टाकला असता आणि रंग-फ्रेमा फक्त त्याच खात्यातून घेतल्या असत्या. ते खातं पगाराला हात न लावता वर्षभर चालू राहिलं, तर नोकरी अर्ध्यावर आणता येते का याबद्दल कंपनीशी बोला. नसेल चाललं, तरी पंधरा चित्रं तुमच्याकडे असतील, आणि ती घेऊन ठाण्याला आलात तर बघायला मला आवडेल. तोंडावर खरं बोलते, तेवढी तयारी ठेवून या.