वाचकांचे प्रश्न : लॉटरीचा पैसा आणि सेवाभावी संस्था

प्रश्न : लेस्टरमध्ये आम्ही मराठी ज्येष्ठ महिलांचा एक गट चालवतो. दर गुरुवारी पंचवीस-तीस जणी जमतात. सभागृहाचे भाडे आता वर्गणीतून भागत नाही. नॅशनल लॉटरीच्या निधीसाठी अर्ज करावा, असे कार्यकारिणीतील काहींना वाटते. जुगाराचा पैसा आपल्या कामाला नको, असे दोघींचे ठाम मत आहे. यात योग्य काय? अर्ज करायचाच झाला तर कोणती काळजी घ्यावी? (एका गटाच्या कार्यवाह, लेस्टर, इंग्लंड)

उत्तर : तुमच्या दोन सहकारिणींचा आक्षेप मी हलका मानत नाही, म्हणून आधी त्याकडेच वळते. ब्रिटनमध्ये ही लॉटरी सुरू झाली तेव्हा मेथडिस्ट चर्चने तिला उघड विरोध केला होता आणि लॉटरीतून आलेले अनुदान आपल्या मंडळींनी घ्यावे की नाही, यावर तेथे पुढे कित्येक वर्षे खल चालला. तिकीट घेणाऱ्यांत बेताच्या मिळकतीची माणसे बरीच असतात आणि मिळकतीच्या मानाने त्यांच्या खिशाला बसणारी चाट सधनांपेक्षा मोठी असते. हे वास्तव आहे आणि अनुदान घेणाऱ्या संस्थेने ते विसरू नये.

मात्र तिकिटाच्या पैशाची पुढची वाट कशी आखली आहे, हेही पाहायला हवे. १९९३ च्या कायद्याने ही लॉटरी उभी राहिली आणि १९ नोव्हेंबर १९९४ रोजी पहिली सोडत निघाली. तेव्हाच्या ढोबळ मांडणीप्रमाणे एका पौंडातील ५० पेन्स बक्षिसांना, २८ पेन्स सत्कार्यांना, १२ पेन्स सरकारी कराला आणि उरलेले १० पेन्स विक्रेते व चालक कंपनी यांना असा हिशेब होता. प्रत्यक्षातील प्रमाण खेळागणिक बदलते. खरवडून पाहायच्या तिकिटांतून सत्कार्यांकडे बरेच कमी जाते. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, सत्कार्यांचा वाटा सरकारी तिजोरीत मिसळत नाही. तो वेगळ्या खात्यात जमा होतो आणि त्यातील ४० टक्के आरोग्य, शिक्षण, पर्यावरण व धर्मादाय कामांकडे, तर क्रीडा, कला आणि वारसा यांच्याकडे प्रत्येकी २० टक्के जातो. कोणत्या संस्थेला किती द्यायचे, हे मंत्री ठरवत नाहीत; त्यासाठी स्वतंत्र मंडळे आहेत. तुमच्यासारख्या गटांचे मंडळ म्हणजे आजचा नॅशनल लॉटरी कम्युनिटी फंड. १९९५ मध्ये पहिली अनुदाने देणारे चॅरिटीज बोर्ड हे त्याचे मूळ रूप. पुढे ते कम्युनिटी फंड झाले, २००४ मध्ये दुसऱ्या एका निधीशी जोडले जाऊन बिग लॉटरी फंड झाले आणि २०१९ पासून सध्याचे नाव आले. जुन्या कागदपत्रांत ही वेगवेगळी नावे दिसली तर गोंधळू नका.

तेव्हा माझे मत असे की, पैसा घ्यावा आणि पेनीपेनीचा हिशेब ठेवावा. पण हा निर्णय बहुमताच्या जोरावर रेटू नका. सभा बोलवा, दोघींचे म्हणणे पूर्ण ऐका, ठराव करा आणि त्यांचा विरोध इतिवृत्तात त्यांच्या शब्दांत नोंदवा. वर्षानुवर्षे गुरुवारी चहा करणारी माणसे अनुदानापायी दुरावली, तर सभागृहाचे भाडे भरून काय उपयोग?

आता अर्जाविषयी. तुमच्यासाठी ‘अवॉर्ड्स फॉर ऑल’ ही योजना योग्य आहे. इंग्लंडमध्ये तिच्यात ३०० पासून २०,००० पौंडांपर्यंत रक्कम मागता येते आणि ती दोन वर्षांपर्यंतच्या कामासाठी वापरता येते. गट नोंदणीकृत धर्मादाय संस्था असलाच पाहिजे असे नाही. लेखी घटना, म्हणजे गटाची नियमावली, मात्र हवी. कार्यकारिणीत परस्परांशी नाते नसलेल्या किमान दोन व्यक्ती हव्यात आणि बँकेचे खाते गटाच्या नावावर हवे, ज्यातून पैसे काढताना अशाच दोघींची मंजुरी लागेल. आपल्या अनेक मंडळांचे घोडे इथेच अडते. अध्यक्षबाई आणि खजिनदार एकमेकींच्या जावा असतात, खाते कोणाच्या तरी वैयक्तिक नावावर असते, आणि वर्षानुवर्षे सगळे सचोटीने चाललेले असल्यामुळे कोणाला त्यात वावगे वाटत नाही. सचोटी आहे हे कागदावर दिसावे लागते, एवढाच या अटीचा अर्थ आहे. तो अविश्वास समजू नका.

झालेल्या खर्चाची भरपाई हा निधी देत नाही, त्यामुळे आधी कार्यक्रम करून मग पैसे मागू असा बेत ठेवू नका. गरजेच्या तीन-चार महिने आधी अर्ज करा. धर्मप्रसाराला, राजकीय कामाला आणि कर्जफेडीला यातून पैसे मिळत नाहीत. म्हणून सत्यनारायणाच्या पूजेचा खर्च अर्जात घालू नका. तो वर्गणीतूनच करा.

अर्ज कसा लिहावा, हे एका अनुभवावरून सांगते. अशाच एका गटाचा मसुदा एकदा माझ्याकडे आला होता. त्यात ‘मराठी संस्कृतीचे जतन व संवर्धन’ हे शब्द पाच वेळा होते आणि गुरुवारी नक्की काय होते, हे एकदाही नव्हते. मी कार्यवाहांना फोन करून तेवढेच विचारले. त्या म्हणाल्या, सकाळी आठ वाजता डॉक्टरांच्या दवाखान्याची फोनलाइन सुरू होते, तेव्हा आपले दुखणे इंग्रजीत कसे सांगायचे, याचा सराव आम्ही जोडीजोडीने करतो. एक जण रिसेप्शनिस्ट होते, दुसरी रुग्ण. मुलाकडे राहायला आलेल्या आणि आता एकट्या पडलेल्या एक आजी तीन महिन्यांनी स्वतः फोन करून वेळ घेऊ लागल्या आणि दोन बस बदलून एकट्या जाऊन आल्या. मी म्हटले, हेच लिहा. या निधीची सध्याची उद्दिष्टे लोकांना एकत्र आणणे, पर्यावरण जपणे, मुलांना व तरुणांना फुलू देणे आणि माणसांचे आरोग्य सुधारणे अशी आहेत. त्या आजींची दोन वाक्यांत सांगितलेली हकिकत त्यांपैकी दोहोंना थेट भिडते. सभागृहाचे तासाचे भाडे, चहाचे सामान, व्यायाम शिकवणाऱ्या बाईंचे मानधन, सगळे आकडे खरे आणि आजच्या दराचे द्या. कमी दाखवले तर अर्ज लवकर मंजूर होतो, हा समज चुकीचा आहे. पुढे तूट तुम्हालाच भरावी लागते.

प्रश्न : आमची संस्था सांगली जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृह चालवते. महाराष्ट्र राज्य लॉटरीच्या उत्पन्नातून संस्थांना अनुदान मिळते का? मिळत नसल्यास आम्ही स्वतः १०० रुपयांची कुपने विकून, मोटारसायकलचे बक्षीस ठेवून सोडत काढावी, असा एका विश्वस्तांचा प्रस्ताव आहे. (एक विश्वस्त, सांगली जिल्हा)

उत्तर : दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देते, कारण त्यात धोका आहे. हा प्रस्ताव कृपया सोडून द्या. पैसे घेऊन विकलेले कुपन आणि चिठ्ठी काढून दिलेले बक्षीस या दोन गोष्टी एकत्र आल्या की ती लॉटरी होते. तिला ‘लकी ड्रॉ’ म्हटल्याने किंवा कुपनावर ‘देणगी’ छापल्याने फरक पडत नाही. राज्याची नसलेली किंवा राज्य सरकारने परवानगी न दिलेली लॉटरी काढण्यासाठी जागा चालवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ प्रमाणे गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पूर्वी हेच भारतीय दंड संहितेच्या कलम २९४-अ मध्ये होते. गावोगाव अशा सोडती निघतात आणि कोणी हटकत नाही, हे खरे आहे. पण तुमच्याकडे मुले राहतात. तक्रार झाली, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातील चौकशीला वसतिगृहाच्या नावाने तोंड द्यावे लागेल. इंग्लंडमध्ये लहान संस्थेला स्थानिक कौन्सिलकडे नोंद करून अशी सोडत काढता येते, फक्त जमा रकमेतील किमान २० टक्के भाग संस्थेच्या कामाला गेला पाहिजे. तेथील कोणा नातेवाइकाकडून ही कल्पना आली असेल, तर दोन देशांच्या कायद्यांतला हा फरक विश्वस्तांना समजावून सांगा.

राज्य लॉटरी आपल्याकडे १९६९ पासून आहे. लोकांना मटक्यापासून वळवावे आणि राज्याला उत्पन्न मिळावे, हा तिचा हेतू. लॉटरी (विनियमन) अधिनियम, १९९८ प्रमाणे तिकीटविक्रीची रक्कम राज्याच्या लोकलेख्यात, म्हणजे सरकारी हिशेबातील एका खात्यात, जमा करावी लागते. तेथून संस्थांना वाटप करणारे ब्रिटनसारखे स्वतंत्र मंडळ महाराष्ट्रात नाही, त्यामुळे ‘लॉटरीतून अनुदान’ मागण्यासाठी अर्ज करण्याची जागाच नाही. कोणी मध्यस्थ तसे अनुदान मिळवून देतो म्हणत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

तुमच्यासाठी जवळचा मार्ग कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ मुळे ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातील २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. कंपनीच्या वतीने हे काम करणाऱ्या संस्थेला १ एप्रिल २०२१ पासून केंद्र सरकारकडे ‘सीएसआर-१’ ही नोंदणी लागते. त्याबरोबर प्राप्तिकर खात्याच्या १२-अ आणि ८०-जी या नोंदण्याही सहसा असाव्याच लागतात. ऊसतोडीच्या हंगामात मुले शाळेत टिकली, याचा तुमच्याकडे हजेरीपट असेलच. माहितीपत्रक छापण्याआधी त्या हजेरीपटाची पाने अर्जाला जोडा.

प्रश्न : ब्रिटनच्या लॉटरीचा पैसा भारतातील संस्थेला मिळू शकतो का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : थेट नाही. नॅशनल लॉटरी कम्युनिटी फंडाचा पैसा ब्रिटनमधील वस्त्यांसाठी आहे. एके काळी ब्रिटनमधील धर्मादाय संस्थांमार्फत परदेशांतील कामांनाही तो मिळत असे. तो काळ आता मागे पडला. शिवाय कोणत्याही परदेशी स्रोतातून पैसा घ्यायचा तर एफसीआरए या परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, तो स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेच्या खात्यातच यावा लागतो आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. लंडनच्या ओळखीच्या मंडळाने अनुदान घेऊन तुम्हाला पाठवावे, असा विचार मनात असेल तर तो तेथील अनुदानाच्या अटींत बसणार नाही आणि तुमच्याकडे ही नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर भारतातही नियमबाह्य ठरेल.

प्रश्न : महाराष्ट्रानेही लॉटरीचे उत्पन्न कायद्याने सेवाभावी संस्थांसाठी राखून ठेवावे, असे आपणांस वाटते का? (एक निवृत्त शिक्षक, ठाणे)

उत्तर : कल्पना नवी नाही. कोलकात्यात १८१७ मध्ये नेमलेल्या लॉटरी कमिटीने सोडतींच्या पैशातून रस्ते बांधले. मुंबईच्या टाऊन हॉलसाठीही सोडतींचा आधार घेतला गेला. तो पुरला नाही आणि सरकारला हात घालावा लागला, तेव्हा कुठे १८३३ मध्ये आज आपण एशियाटिकची इमारत म्हणून ओळखतो ती वास्तू पुरी झाली. अलीकडचे जवळचे उदाहरण केरळचे. तेथे सरकारी लॉटरी १९६७ पासून आहे. २०११ मध्ये ‘कारुण्य’ या नावाची लॉटरी काढून तिचे उत्पन्न कर्करोग, हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार, हिमोफिलिया अशा दुखण्यांच्या गरीब रुग्णांच्या उपचारांशी जोडले गेले. तो पैसा संस्थांना नाही, रुग्णालयांतील उपचारांसाठी जातो. तरी तिकीट घेणाऱ्याला आपला रुपया कुठे गेला, हे नाव घेऊन सांगता येते, आणि मला ते फार मोलाचे वाटते.

तुमच्या प्रश्नाला मी ‘हो’ म्हणेन, पण ब्रिटनच्या अनुभवातील एक गोष्ट ध्यानात ठेवून. तेथे पहिल्यापासून असे मानले गेले की, लॉटरीचा पैसा सरकारी खर्चाच्या जागी वापरायचा नाही, सरकारी खर्च चालू ठेवून त्यात भर म्हणून वापरायचा. हे तत्त्व मोडण्याचा मोह सरकारांना पुन्हा पुन्हा झाला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचा खर्च वाढला, तेव्हा २००७ मध्ये सत्कार्यांच्या निधीतून आणखी ६७ कोटी ५० लाख पौंड तिकडे वळवण्याचे ठरले आणि त्यांपैकी ४२ कोटी ५० लाख एकट्या बिग लॉटरी फंडाचे होते. म्हणजे वृद्धांचे गट, अपंगांच्या संस्था, वस्तीतली खेळघरे यांच्या वाट्याचे. ऑलिंपिक पार्कच्या जमिनी विकल्यावर रक्कम परत करण्याचे सरकारने मान्य केले आणि ती परत मिळावी म्हणून संस्थांनी मोहीम चालवली. स्वतंत्र खाते, स्वतंत्र मंडळ, जागी असलेली संसद हे सगळे असूनही असे घडले.

आपल्याकडे तर लॉटरीचे उत्पन्न आधीच आक्रसलेले आहे. १ मार्च २०२० पासून तिकिटांवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. उरलेल्या रकमेवर संस्थांचा हक्क सांगताना मला भीती अशी वाटते की, उद्या एखादे खाते वसतिगृहाचे परिपोषण अनुदान थांबवून ‘तुम्हाला लॉटरीतून मिळतेच ना’ म्हणेल, आणि संस्था लॉटरीची विक्री वाढावी अशी मनोमन इच्छा करू लागतील. मजुराने जास्त तिकिटे घ्यावीत म्हणजे त्याच्या मुलाचे वसतिगृह चालेल, हे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य होणार नाही. म्हणून असा कायदा करायचाच असेल, तर अनुदान वाटणाऱ्या मंडळाचा तिकीटविक्रीशी आणि जाहिरातीशी काडीचाही संबंध नसावा, आणि चालू सरकारी अनुदान या निधीमुळे कमी करता येणार नाही, असे कलम मूळ कायद्यातच असावे. ते नियमांवर सोपवले, तर एका अधिसूचनेने बदलता येते.