गेटवरचा जुना अ‍ॅनालॉग कॅमेरा दिवसा नीट चालतो, रात्री चालू-बंद होतो. जास्त अँपिअरचा अ‍ॅडाप्टर लावू का?

प्रश्नातली माहिती अशी: सोसायटीत 6 जुने 12 व्होल्टचे बुलेट (नळीच्या आकाराचे) सीसीटीव्ही कॅमेरे आहेत, डीव्हीआरजवळ (रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याजवळ) 12 व्होल्ट 5 अँपिअरचा एकच एसएमपीएस (सगळ्या कॅमेऱ्यांना वीज देणारा सप्लाय) आहे आणि गेटचा कॅमेरा 40 मीटरवर थ्री प्लस वन केबलवर (एक व्हिडिओची तार आणि पॉवरच्या तीन तारा) आहे. अंधार पडला की फक्त तोच कॅमेरा दर काही सेकंदांनी जातो आणि येतो.

अ‍ॅडाप्टर बदलू नका. कॅमेरा लागेल तेवढाच करंट ओढतो, त्यामुळे 5 च्या जागी 10 अँपिअरचा सप्लाय लावून काहीही फरक पडणार नाही. तसंच जास्त अँपिअरने कॅमेरा जळतो हाही गैरसमज आहे. जळतो तो जास्त व्होल्टेजने किंवा प्लस-मायनस उलटं लागल्याने. सहा कॅमेऱ्यांचे रात्रीचे प्रत्येकी 0.4 अँपिअर धरले तरी 2.4 होतात, म्हणजे तुमचा सप्लाय पुरेसा आहे. खोट तारेत आहे.

दिवसा असा कॅमेरा साधारण 0.12 अँपिअर घेतो. अंधार झाला की आयआर एलईडी (रात्री दिसावं म्हणून कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे) पेटतात आणि तोच आकडा 0.4 च्या आसपास जातो. थ्री प्लस वनमधल्या पॉवरच्या तारा फार बारीक असतात. तार 0.2 चौरस मिलिमीटर आणि शुद्ध तांब्याची धरली, तरी जाऊन-येऊन 80 मीटरचा रोध सुमारे 6.7 ओहम होतो. मग दिवसा 0.8 व्होल्ट तारेतच पडतात, म्हणजे वाया जातात, आणि कॅमेऱ्याला 11.2 मिळतात, तो खूश. रात्री 2.7 पडतात आणि उरतात 9.3. बहुतेक कॅमेरे 12 ला 10 टक्के कमी-जास्त, म्हणजे 10.8 पर्यंतच धरून चालतात. मग कॅमेरा रिसेट होतो, एलईडी विझतात, लोड उतरल्यावर व्होल्टेज वर येतं, कॅमेरा सुरू होतो, एलईडी पुन्हा पेटतात, आणि हेच चक्र रात्रभर.

खात्री करायला रात्रीची वाट बघू नका. कॅमेऱ्याच्या टोकाला मल्टिमीटर लावा, पण डीसी पिन (कॅमेऱ्याला वीज देणारी गोल पिन) काढून नाही. पिन काढलीत तर लोडच नसतो, मीटर 12.1 दाखवतो आणि माणूस फसतो. कॅमेरा जोडलेला ठेवून स्क्रूवाल्या कनेक्टरवर प्रोब टेकवा आणि काचेसमोरचा सेन्सर हाताने झाका. एलईडी मंद लाल दिसू लागतील. त्या क्षणी काटा किंवा आकडा कुठे घसरतो ते पाहा. 10.8 च्या खाली गेला की निदान झालं.

आता उपाय, फुकटचे आधी. केबलमध्ये पॉवरच्या तीन तारा असतात आणि इन्स्टॉलर बहुधा दोनच वापरून तिसरी कापून सोडतो. ती तिसरी दोन्ही टोकांना मायनसच्या तारेबरोबर पिळून जोडा. रोध तीन-चतुर्थांशावर येतो, 2.7 च्या जागी 2 व्होल्ट पडतात. मग एसएमपीएसवरचा छोटा ट्रिमर (कडेला 'एडीजे' लिहिलेला स्क्रू) हळूच फिरवून आउटपुट 13.0 करा. शेजारीच 230 व्होल्टचे फेज-न्यूट्रलचे टर्मिनल उघडे असतात, तेव्हा प्लास्टिक मुठीचा बारीक स्क्रूड्रायव्हरच घ्या. आता गेटला रात्री 11.0 मिळतील. 13.2 च्या वर मात्र नेऊ नका, कारण जवळच्या कॅमेऱ्यांना ते जवळजवळ पूर्णच पोचतं.

हे करूनही 10 च्या आसपासच अडकलं तर तार ब्लेडने खरवडून पाहा. वर तांबूस आणि आत पांढरट निघाली, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची आहे. तिचा रोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीच्या घरात असतो. बाजारातलं स्वस्त बंडल बहुधा हेच. अशा वेळी व्हिडिओ जुन्याच केबलवर ठेवा आणि पॉवरसाठी 0.75 चौरस मिलिमीटरची दोन कोअरची तांब्याची वायर वेगळी ओढा. 40 मीटरला रात्रीही सुमारे 0.7 व्होल्टच पडतात.

वायर ओढणं शक्य नसेल, तर त्या एका कॅमेऱ्यासाठी 24 व्होल्ट डीसीचा वेगळा सप्लाय द्या आणि गेटपाशी पावसापासून बंद डब्यात बक कन्व्हर्टर (डीसी व्होल्टेज कमी करणारं छोटं सर्किट) बसवा. कॅमेरा जोडण्याआधी त्याचं आउटपुट मीटरवर 12.0 ला सेट करा. उलट क्रमाने केलंत तर कॅमेरा गेलाच समजा.

वॉचमनच्या केबिनमधून वेगळा अ‍ॅडाप्टर देणं सोपं वाटतं आणि चालतंही. 12 व्होल्ट 1 अँपिअरचा राउटरचा अ‍ॅडाप्टर पुरतो, फक्त पिनच्या मधे प्लस आहे का आणि पिन 5.5 बाय 2.1 मिलिमीटरची आहे का ते बघा. जुना जड ट्रान्सफॉर्मरवाला नको: त्यावर 12 लिहिलेलं असतं, पण लोड कमी असताना तो 16 च्या आसपास देतो. शिवाय कॅमेऱ्याची धातूची बॉडी लोखंडी गेटच्या खांबाला टेकलेली असली, तर चित्रात वर-खाली सरकणारे आडवे पट्टे येऊ शकतात. मधे प्लास्टिकची प्लेट घाला. तरी राहिले तर व्हिडिओ लाइनवर ग्राउंड लूप आयसोलेटर (दोन टोकांच्या अर्थिंगमधून येणारा हा त्रास तोडणारा छोटा जोड) लावा.

सगळ्यात आधी मात्र कॅमेऱ्याचं स्टिकर वाचा. जुन्या डोम आणि बॉक्स कॅमेऱ्यांत 24 व्होल्ट एसीवाले असतात. त्यांना ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो चुकून 12 व्होल्टच्या कॅमेऱ्याला लागला तर कॅमेरा तिथेच संपतो.

गेटवरची डीसी पिनही एकदा उघडून पाहा. पावसाळ्यात ती हिरवी पडते आणि तेवढ्यानेही रात्रीच्या लोडला व्होल्ट-अर्धा व्होल्ट सहज जातो. पिन बदला, जोड डब्यात घ्या, आणि केबल डब्यात खालून वळसा घालून न्या, म्हणजे पाणी तारेवरून आत न जाता वळशावरून गळून पडतं.