कुठे अडलं ते विचार

प्रिय बाय,

तुझी कथा मिळाली. सोबतच्या चिठ्ठीत एकच प्रश्न आहे, "बाई, कशी वाटली?" या प्रश्नाला आपल्याकडे "छान" हेच उत्तर मिळतं. घरचे, मैत्रिणी, शेजारपाजारचे सगळे छानच म्हणणार, कारण त्यांना तू आवडतेस. त्या शब्दाने दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी कथा सुधारायला बसलीस की त्यातलं काहीच हाताशी लागत नाही.

म्हणून मी कुठे अडले ते सांगते. चौथ्या पानावर सासू सुनेला नशिबाच्या गोष्टी समजावू लागते, तिथे मी कागद खाली ठेवले आणि भात बघायला उठले. भात व्हायला अजून वेळ होता.

तू लहानपणापासून जत्रेतला दशावतार बघत आली आहेस. तिथे संवाद लिहिलेले नसतात, पात्रं उभ्या उभ्या बोलतात आणि सगळी रात्र तोलून धरतात. त्यांना कोणी अभिप्राय लिहून देत नाही. पण देवळासमोरची माणसं कुठे चुळबुळायला लागली, कुठे उठून खाज्याच्या दुकानाकडे वळली, हे रंगमंचावर उभ्या असलेल्या नटाला तिथल्या तिथे कळतं. तो बोलणं आवरतं घेतो, पेटी-मृदंगाला खूण करतो, युद्धाला हात घालतो. आपण लिहिणारे वाचकासमोर उभे नसतो, त्यामुळे तो कुठे उठला ते आपल्याला विचारून घ्यावं लागतं. मत विचारलंस तर तो भिडेखातर गोड बोलेल. "कुठे पान सोडून पुढे गेलात? तिथे पेन्सिलीने रेघ मारून ठेवा," असं सांगितलंस तर खरं उत्तर मिळेल. चार दिवसांनी त्याच माणसाला म्हणावं, कथा मला तोंडी सांगा. सांगताना तो जे गाळतो ते त्याच्या मनात उतरलेलंच नसतं, मग तू त्यावर कितीही रात्री जागवलेल्या असोत.

माझ्या शेजारणीने जन्मभर मासळी विकली. कथा वाचायची तिला सवय नाही, म्हणून मी तुझी कथा तिला मोठ्याने वाचून दाखवली. ती मधेच म्हणाली, "आषाढात ट्रॉलर दर्यात कसो गेलो?" खरंच गं! 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. मासळीचा तो विणीचा काळ, आणि दर्याही खवळलेला. नौकेचा प्रमुख असलेला तुझा तांडेल ऐन बंदीत ट्रॉलर घेऊन निघतो आणि धक्क्यावर कुणाला त्याचं नवल वाटत नाही. पुण्याचा वाचक हे वाचून पुढे जाईल, देवगडचा तिथेच थांबेल.

शेजारणीने उपायही सांगितला, महिना बदल, नारळी पुनवेनंतरचा धर. इथे सावध राहा. तिने दाखवलेली जागा अगदी बरोबर आहे, पण उपाय तुझा तू शोधायचा. महिना बदललास तर चूक मिटेल, पण कथा होती तिथेच राहील. त्यापेक्षा स्वतःला विचार, बंदी असताना हा माणूस का गेला? कुणाचं देणं होतं? घरात कुणाला ठाऊक होतं? सुनेला ठाऊक असेल आणि तरी ती गप्प राहिली असेल, तर सासूचं ते चौथ्या पानावरचं भाषण आपोआप गळून पडेल. मला तर तिथे तुझी खरी कथा दिसते आहे.

एक गोष्ट माझ्या हातून झाली, ती तुझ्या हातून होऊ नये. वाचनालयाच्या ओट्यावर एका मैत्रिणीने मला सांगितलं होतं की कथेचा शेवट तिला पटला नाही. मी तिला अर्धा तास तो शेवट समजावत बसले. तिने मान डोलावली. पुढे तिला खूप कथा दिल्या, आणि प्रत्येक वेळी तिने छान म्हणून परत केल्या. माझी सगळ्यात चांगली वाचक मी त्या अर्ध्या तासात गमावली, याचं मला आजही वाईट वाटतं. समोरचा बोलत असताना फक्त लिहून घे. तुला त्याला जे समजावून सांगावंसं वाटेल, ते कथेत यायचं राहिलेलं असतं.

तीन वाचक पुरेत. एक दर्या जाणणारा, एक पुष्कळ कथा वाचलेला, एक घाटावरचा, ज्याला रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं हेही माहीत नाही. दोघं एकाच जागी अडले तर ती जागा दुरुस्त कर, कारणं त्यांनी वेगवेगळी सांगितली तरी. घाटावरचा म्हणेल मालवणी संवाद प्रमाण भाषेत कर. तो वाट चुकला होता की नुसता बिचकला होता, ते विचार. बिचकला असेल तर एक अक्षरही बदलू नकोस. आणि पहिला खर्डा पुरा होईपर्यंत कुणालाच दाखवू नकोस, मलासुद्धा. अर्ध्या कथेत दुसऱ्याचा आवाज शिरला की आपला ऐकू येईनासा होतो.

आता महिनाभर कागद बाजूला ठेव, मग सुनेपासून सुरुवात कर.

शेजारीण काल कोयता मागायला आली होती. जाता जाता दारात थांबून विचारत होती, तो तांडेल घराक इलो काय गो? मी सांगितलं, अजून लिहून व्हायचंय.

तुझ्या,
बाई