शेफिल्डला गिगसाठी दोन दिवस जातोय, कोणत्या पबमध्ये जावं?

स्टेशनातूनच सुरुवात करा. फलाट क्रमांक १ ला लागून असलेला ‘शेफिल्ड टॅप’ म्हणजे रेल्वेचं जुनं रिफ्रेशमेंट रूम. कित्येक वर्षं बंद पडलेलं, ते नीट दुरुस्त करून २००९ मध्ये पब म्हणून उघडलं. जुन्या टाइल्स आणि लाकडी बार बघूनच मन भरतं. परतीच्या गाडीला अर्धा तास असेल तर बसायला याहून चांगली जागा नाही.

गिग अरीनात, म्हणजे शहरातल्या मोठ्या कॉन्सर्ट हॉलमध्ये असेल तर आधी केल्हम आयलंड हा भाग गाठा. शेल्समूर स्टॉपवरून पिवळ्या मार्गाची ट्राम थेट अरीनापाशी सोडते. इथला ‘केल्हम आयलंड टॅव्हर्न’ २००८ आणि २००९ असा लागोपाठ दोनदा ब्रिटनमधला सर्वोत्तम पब ठरला होता. पण माझा जीव जवळच्या ‘फॅट कॅट’वर. १९८१ पासून चालू आहे, बसून गप्पा माराव्यात असा. पाइंट म्हणजे ५६८ मिली, तेव्हा गिगच्या आधी हाफ मागवा. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. ऑर्डर बारवर जाऊनच द्यायची, टेबलाशी कोणी येईल म्हणून थांबू नका.

दुसऱ्या दिवशी ईडेल या डोंगराळ गावाची लोकल पकडा, अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. तिथल्या ‘ओल्ड नॅग्ज हेड’ पबपासून पेनाइन वे ही पायवाट सुरू होते. आधी डोंगर चढून या, मग पब. शेवटची गाडी मात्र सकाळीच बघून ठेवा.