शहाजिऱ्यात शहा नाही, शहामृगातही नाही

प्रश्न असा आहे: ‘मसाल्याच्या पाकिटावर “शाही जिरे” छापलेलं असतं. शहाजिरे ते हेच का? मूळ शब्द शाही जिरे आणि त्याचा अपभ्रंश शहाजिरे, असं समजायचं का? आणि कलौंजी म्हणजेच शहाजिरे का?’

कलौंजी वेगळी. दाणा काळाकुट्ट, तिकोनी, वनस्पतीच निराळी. तो विषय इथेच सोडतो, कारण खरा घोटाळा ‘शाही’त आहे.

‘शाही जिरे’ ही शुद्ध चूक आहे. पाककृती सांगणारे ती करतात, सामान्यज्ञानाच्या प्रश्नमंजूषा घेणारे करतात, आणि आता पाकिटं छापणारेही करतात. पुलाव-बिर्याणीत पडतं, म्हणजे बादशाही थाटाचं, म्हणून शाही, असं त्यांचं म्हणणं. अहो, शहाजिरे आपल्या गोड्या मसाल्यात पडतं, आणि तो मसाला रोजच्या आमटीत जातो. त्यात कसला आला बादशाही थाट!

एका पांढऱ्या बशीत चिमूटभर जिरे आणि शेजारी चिमूटभर शहाजिरे ठेवून बघा. जिरे मातकट, फिकट, जरा जाडसर. शहाजिरे बारीक, किंचित वाकडं आणि काळपट. नाव ठेवणाऱ्याच्या नजरेत हा काळेपणाच भरला. फारसीत काळ्याला ‘सियाह’ म्हणतात, म्हणून हे सियाह जीरा. हिंदीत ‘स्याह जीरा’ आणि ‘शाह जीरा’ ही दोन्ही रूपं आजही शेजारी शेजारी नांदतात. संस्कृतात ‘कृष्णजीरक’ असा शब्द आहे, त्याचाही अर्थ काळं जिरे.

‘सियाह’चं ‘शहा’ कसं होईल, असं विचारणाऱ्यांनी आपल्या लेखणीतली शाई आठवावी. फारसी ‘सियाही’ म्हणजे काळेपणा, काळा रंग. हिंदीत ती ‘स्याही’ झाली आणि मराठीत आली तेव्हा ‘शाई’ झाली. स्य-चा श करायची सवय आपल्या जिभेला आहेच. एका शब्दात ती सरळ शाई झाली, दुसऱ्यात ओळखीचा शहा दिसला म्हणून शहाजिरे झालं. गंमत अशी की ‘शाई’ म्हणताना काळा रंग आपल्या डोक्यात उरलाच नाही, म्हणून तर आपण लाल शाई, निळी शाई खुशाल म्हणतो. लाल शाई म्हणजे अक्षरशः लाल काळिमा! शाईचा पुरावा समोर असताना शाही जिऱ्याचा हट्ट धरणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

मराठी कानाला शहा इतका जवळचा वाटतो याला कारण इतिहास आहे. 1347 मध्ये दख्खनेत बहमनी सत्ता उभी राहिली, पुढे निजामशाही, आदिलशाही आली. दफ्तरात फारसी, दरबारात शहा. ‘शहाजी’ हे नाव शाह शरीफ या अहमदनगरच्या पीरावरून ठेवलं, अशी परंपरा आहे. तिथला शहा अस्सल. शाहीन ससाण्यातलाही अस्सल, तो पक्ष्यांमधला राजबिंडाच. पण कानाला एकदा सवय लागली की जिथे नाही तिथेही शहा ऐकू येतो.

तसाच तो शहामृगात ऐकू आला. ‘मृगांचा शहा तो शहामृग’ हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता गप्प बसवत नाही. मूळ फारसी शब्द ‘शुतुरमुर्ग’. शुतुर म्हणजे उंट, मुर्ग म्हणजे पक्षी. उंटपक्षी! लांब मान, उंच पाय, रखरखीत प्रदेशातला वावर, आणि सगळ्यात नेमकं म्हणजे पावलाला दोनच बोटं. पायाला दोन बोटं असलेला हा जगातला एकमेव पक्षी, आणि उंटालाही बोटं दोनच. हे साम्य इतरांनाही दिसलं होतं: तुर्कीत आणि चिनी भाषेत या पक्ष्याचं नाव उंटपक्षी असंच आहे, आणि शास्त्रीय नाव ‘स्ट्रुथिओ कॅमेलस’, त्यातही उंट आहेच. मराठी माणसाला शुतुर कळेना, त्याने तिथे शहा बसवला. मुर्ग परका वाटला, तिथे मृग बसवला. झालं शहामृग.

काही पंडित इथे संस्कृत पुढे करतात. मृग म्हणजे कोणताही वन्य पशू, माकडाला शाखामृग म्हणत, सिंहाला मृगेंद्र म्हणत, तेव्हा शहामृगातला मृगही संस्कृतच, असा त्यांचा दावा. शाखामृग, मृगेंद्र सगळं मान्य. पण म्हणून शहामृग संस्कृतातून आला असं होत नाही. वाट फारसीचीच आहे.

आणि तरीही (हे सांगण्यासाठीच खरं तर मी लिहायला बसलो) मृग आणि मुर्ग ही सख्खी भावंडं आहेत. अवेस्ता या प्राचीन इराणी ग्रंथाच्या भाषेत ‘मॅरॅघ’ म्हणजे पक्षी, त्याचा फारसीत मुर्ग झाला. तोच मूळ शब्द आपल्याकडे मृग. इराणात तो पक्ष्यांकडे वळला, इथे आधी रानातल्या जनावरांकडे आणि मग फक्त हरणाकडे. शुतुरही परका नाही, तो आपल्या ‘उष्ट्र’चा भाऊ, ज्याच्यापासून मराठी ‘उंट’ आला. म्हणजे मराठी माणसाने मुर्ग काढून मृग घातला तेव्हा, काही ठाऊक नसताना, हजारो वर्षांपूर्वी घर सोडून गेलेल्या शब्दाच्या जागी त्याचाच भाऊ आणून बसवला. व्युत्पत्तीत याहून सुंदर अपघात मला सापडलेला नाही.

पक्षी मात्र मराठी मुलुखाला नवा नव्हता. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे इथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे मिळाले आहेत, सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचे, आणि त्यातल्या एकावर माणसाने कोरलेली आडव्यातिडव्या रेघांची नक्षी आहे. पक्षी इथून नाहीसा झाला, आणि पुढे त्याचं नाव तेवढं इराणातून उंटाच्या पाठीवर बसून परत आलं.